रक्तातली बुरशी औषधाला दाद देत नाही, हे वेळेत कसं पकडायचं

किमोथेरपी चालू असलेला पेशंट. ताप सहा दिवस हटलेला नाही, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल सुरू होऊन चार दिवस झालेत, आणि आता लॅबला फोन येतो : "मॅडम, बुरशीची सेन्सिटिव्हिटी लावून द्या." म्हणजे ती बुरशी कुठल्या औषधाला दाद देते याची चाचणी. ती कशावर लावायची? पहिल्या ब्लड कल्चरच्या (रक्तातला जंतू उगवून पाहण्याच्या) बाटलीत जेमतेम तीन मिली रक्त होतं. दुसरं कल्चर औषध सुरू झाल्यानंतर काढलं. जी बुरशी उगवली तिचं नाव बाहेरच्या लॅबच्या रिपोर्टात 'कॅन्डिडा स्पीशीज' (कॅन्डिडाची कुठली तरी जात) एवढंच लिहिलेलं.

मायक्रोबायोलॉजीत काम करताना हा फोन मी इतक्यांदा घेतला आहे की चूक कुठे होते ते आता तोंडपाठ झालं आहे. सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर ती क्वचित होते. बहुतेक वेळा ती त्याआधीच झालेली असते, रक्त काढताना आणि बुरशीचं नाव ठरवताना. म्हणून या लेखात त्या दोन टप्प्यांना जास्त जागा दिली आहे. आयसीयू आणि कॅन्सर वॉर्डातले रेसिडेंट, सिस्टर आणि लॅब टेक्निशियन यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधाचे डोस यात नाहीत, ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे.

## टप्पा १ : सुई हातात घेण्याआधी रिक्विझिशन फॉर्म भरा

फॉर्मवर 'फिव्हर, रूल आउट फंगल' एवढंच असेल तर लॅबला त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या चार गोष्टी लिहा.

एक, प्रतिकारशक्ती कशामुळे कमी आहे. न्युट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली जाऊन दहा दिवस उलटलेत का, अवयव किंवा बोन मॅरो प्रत्यारोपण झालंय का, आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड चालू आहे का, एचआयव्ही असेल तर सीडी-४ किती, डायबेटिस हाताबाहेर गेलाय का. दोन, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी), डायलिसिस कॅथेटर किंवा शिरेतून पोषण चालू आहे का, आणि किती दिवसांपासून. तीन, याआधी पेशंट कुठल्या हॉस्पिटलच्या आयसीयूत होता. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : गेल्या तीन महिन्यांत बुरशीविरोधी कुठली औषधं मिळाली आणि आत्ता कुठलं चालू आहे.

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात निम्मं निदान असतं. एखादं औषध चालू असताना बुरशी डोकं वर काढते, तेव्हा ती बहुतेक त्या औषधाच्या आवाक्याबाहेरची असते. फ्लुकोनॅझोलवर असताना यीस्ट उगवलं तर कॅन्डिडा ग्लाब्राटा, क्रुसाय किंवा ऑरिस मनात धरा. कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन चालू असताना उगवलं तर ट्रायकोस्पोरॉन आणि क्रिप्टोकॉकस यांची आठवण ठेवा, कारण या गटातली औषधं त्या दोघांवर चालत नाहीत. व्होरिकोनॅझोल चालू असताना सायनस किंवा फुप्फुस बिघडलं तर आधी म्युकरचा (काळ्या बुरशीचा) विचार करा. म्युकरवर व्होरिकोनॅझोलचा काहीच परिणाम होत नाही.

तपासून पाहा : ट्रीटमेंट शीटवर औषध लिहिलंय, पण ते खरंच दिलं गेलं का? सिस्टरांच्या चार्टशी ताडून मगच फॉर्म भरा.

## टप्पा २ : रक्त पुरेसं काढा, आणि औषधाआधी काढा

कॅन्डिडा शरीरात खोल पसरलेला असला तरी ब्लड कल्चर साधारण निम्म्याच वेळा पॉझिटिव्ह येतं. त्यात रक्त कमी घेतलं तर उरलीसुरली शक्यताही आपणच घालवतो. बुरशीच्या पेशी रक्तात विरळ असतात, त्यामुळे इथे मिलीमिलीचा हिशेब आहे.

क्रम असा ठेवा :

१. मोठ्या माणसाला दोन ते तीन सेट (एक सेट म्हणजे दोन बाटल्या), एकूण ४० ते ६० मिली रक्त. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली.

२. मुलांमध्ये वजनावर : २ किलोच्या आत २ ते ४ मिली, २ ते १२ किलोपर्यंत ६ मिली, १२ ते ३६ किलोपर्यंत २० मिली.

३. एक सेट दुसऱ्या हाताच्या शिरेतून, एक सेंट्रल लाइनमधून, दोन्ही एकाच वेळी. बाटल्यांवर 'लाइन' आणि 'शीर' असं लिहा. लाइनची बाटली शिरेच्या बाटलीआधी दोन तास किंवा त्याहून लवकर पॉझिटिव्ह आली तर लाइनवरचा संशय बळावतो.

४. कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसल्यावर ती वाळू द्या. बाटलीचं रबरी बूच अल्कोहोलने पुसा.

५. एरोबिकबरोबर अनएरोबिक बाटलीही भरा. ग्लाब्राटा कधी कधी तिच्यातच आधी उगवतो.

६. हे सगळं झाल्यावरच बुरशीविरोधी औषधाचा पहिला डोस. पेशंट गंभीर असेल तर यासाठी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका. पण तेवढा अर्धा तास मात्र घ्या.

बाटलीच्या लेबलवर बाजूला पातळीच्या रेघा छापलेल्या असतात. रक्त घालण्याआधी त्यावर पेनाने आत्ताची पातळी आणि दहा मिली वरची पातळी अशा दोन खुणा करा. आमच्याकडे एका सिस्टरांनी ही सवय लावली आणि त्या वॉर्डाच्या बाटल्या नीट भरून यायला लागल्या. ट्रेनिंगच्या स्लाइड्सनी जे झालं नव्हतं ते पेनाच्या दोन रेघांनी झालं.

इशारा : ब्लड कल्चरची बाटली फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवू नका. गावाकडून शहरातल्या लॅबला नमुना पाठवताना नातेवाईकांच्या हातात आइसबॉक्स देतात, तो रक्ताच्या इतर तपासण्यांसाठी ठीक आहे. कल्चरची बाटली साध्या तापमानाला, उभी, सांभाळून न्यायची.

इशारा : थुंकीत कॅन्डिडा उगवला म्हणजे न्युमोनिया कॅन्डिडाचा, असं धरू नका. कॅथेटर असलेल्या पेशंटच्या लघवीतला कॅन्डिडाही बहुतेक वेळा नुसता वस्तीला आलेला असतो. उलट रक्तातलं एक जरी कल्चर कॅन्डिडा दाखवत असलं तरी त्याला कधीही 'कंटॅमिनेशन' म्हणू नका.

## टप्पा ३ : बाटली वाजली की लगेच ग्रॅम, लगेच फोन

बाटलीत वाढ झाल्याचा इशारा यंत्राने दिला की तिच्यातल्या थेंबाची ग्रॅम रंगाची स्लाइड करा. जांभळ्या, बॅक्टेरियाहून कितीतरी मोठ्या, कळी फुटलेल्या पेशी दिसल्या की टंकलेल्या रिपोर्टची वाट न पाहता वॉर्डात फोन करा. फोन कोणी घेतला आणि किती वाजता, ते रजिस्टरमध्ये लिहा.

त्याच वेळी ब्लड अगार, सॅबुरो डेक्स्ट्रोज अगार आणि क्रोमोजेनिक अगार (यावर जातीगणिक कॉलनीचा रंग वेगळा येतो) अशा तिन्ही प्लेट लावा. क्रोमोजेनिक प्लेट खर्चिक म्हणून पुष्कळ ठिकाणी वगळली जाते. तिथेच मिश्र संसर्ग निसटतो. एकाच बाटलीत दोन जातींचे कॅन्डिडा असतात, साध्या प्लेटवर दोन्ही सारखेच पांढुरके दिसतात, आपण एक कॉलनी उचलतो, ती फ्लुकोनॅझोलला सेन्सिटिव्ह निघते आणि दुसरी तशीच राहून जाते.

## टप्पा ४ : आधी नाव, मग सेन्सिटिव्हिटी

हा टप्पा चुकला की पुढचं सगळं चुकतं. कॅन्डिडाच्या बाबतीत नाव हाच अर्धा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट आहे. क्रुसाय म्हटलं की फ्लुकोनॅझोल बाद, मशीन काहीही आकडा देवो. ग्लाब्राटा म्हटलं की फ्लुकोनॅझोलला 'सेन्सिटिव्ह' हा शेराच उपलब्ध नाही. ऑरिस म्हटलं की फ्लुकोनॅझोल बहुधा गेलंच, अॅम्फोटेरिसिनवरही डोळे झाकून भिस्त ठेवता येत नाही. 'कॅन्डिडा स्पीशीज' किंवा 'नॉन-अल्बिकन्स' असा रिपोर्ट रक्ताच्या नमुन्यावर देऊच नये. आपल्याकडे तर नाहीच : भारतातल्या २७ आयसीयूंच्या अभ्यासात सर्वाधिक सापडला तो कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस, आणि ऑरिस त्या २७ पैकी १९ आयसीयूंमध्ये निघाला.

माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं यंत्र) हाताशी असेल आणि त्याचा डेटाबेस अद्ययावत असेल तर प्रश्न काही मिनिटांत सुटतो. नसेल तर असं जा :

१. जर्म ट्यूब (पेशीतून फुटणारी नळी) : सिरममध्ये ३७ अंशांवर दोन तास, फार तर तीन. तीनच्या पुढे गेलात तर ट्रॉपिकॅलिसही फसवतो. पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा अल्बिकन्स.

२. क्रोमोजेनिक प्लेट ४८ तास ठेवा. हिरवट कॉलनी अल्बिकन्सची, निळी ट्रॉपिकॅलिसची, गुलाबी, कोरडी, कडेला पसरट अशी क्रुसायची. फिकट क्रीम ते जांभळट रंगात बाकीचे सगळे येतात, म्हणून त्या रंगावरून नाव देऊ नका.

३. कॉर्नमील अगारवर कव्हरस्लिप ठेवून तंतू बघा. ऑरिस सहसा खोटे तंतूसुद्धा करत नाही, नुसत्या अंडाकृती पेशी दिसतात.

४. ४२ अंशांवर वाढ बघा. ऑरिस वाढतो, त्याचा जवळचा नातेवाईक हेमुलोनाय सहसा वाढत नाही. मात्र अल्बिकन्स आणि ट्रॉपिकॅलिसही ४२ ला वाढतात, तेव्हा ही चाचणी एकटी पुरावा नाही.

आता यंत्रांबद्दल. जैवरासायनिक चाचण्यांवर चालणारी यंत्रं आणि किट, विशेषतः जुन्या सॉफ्टवेअरची, ऑरिसला दुसरंच नाव देतात. सगळ्यात जास्त वेळा हेमुलोनाय. कधी फमाटा, कधी साके, कधी रोडोटोरुला ग्लुटिनिस. यातलं कुठलंही नाव स्क्रीनवर आलं की रिपोर्ट थांबवा आणि प्लेटकडे परत जा. एकदा एका लॅबकडून 'रोडोटोरुला' नावाचं कल्चर माझ्याकडे आलं. झाकण उघडलं तर कॉलनी गुळगुळीत, पांढुरक्या क्रीम रंगाच्या. रोडोटोरुला सॅमन माशाच्या मांसासारखी गुलाबी-नारिंगी असते, ती लपत नाही. प्लेट खिडकीपाशी धरून पाहिली असती तरी शंका आली असती. तो ऑरिस होता, आणि तोवर पेशंटचे आठ दिवस फ्लुकोनॅझोलवर गेले होते.

तपासून पाहा : यंत्राने दिलेलं नाव, कॉलनीचा रंग, सूक्ष्मदर्शकातलं रूप, हे तिन्ही एकमेकांना धरून आहेत का? एक जरी विसंगत असेल तर कल्चर संदर्भ प्रयोगशाळेला पाठवा. चंदीगडच्या पीजीआयमध्ये रोगकारक बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आणि संदर्भ केंद्र आहे. पाठवण्याआधी त्यांच्याशी बोलून पॅकिंगची पद्धत विचारून घ्या.

## टप्पा ५ : सेन्सिटिव्हिटी लावणं आणि वाचणं

ताजं, चोवीस तासांचं, एकाच जातीचं कल्चर घ्या. फ्रिजमधल्या जुन्या स्लँटवरून थेट लावू नका, दोनदा सबकल्चर करा. प्रत्येक बॅचबरोबर कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ आणि क्रुसाय एटीसीसी ६२५८ हे कंट्रोल (ज्यांचे आकडे आधीच माहीत आहेत असे नमुने) लावा. कंट्रोल हद्दीबाहेर गेला तर त्या दिवशीचा एकही रिपोर्ट बाहेर जाऊ नये, कितीही फोन येवोत.

ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (औषधाच्या चढत्या मात्रा घातलेल्या छोट्या खळग्यांत, म्हणजे विहिरींत, बुरशी वाढवून पाहणं) ही खरी कसोटी. डिस्क (औषधाची टिकली) वापरत असाल तर म्युलर-हिंटन अगारमध्ये २ टक्के ग्लुकोज आणि मिलीला ०.५ मायक्रोग्रॅम मिथिलीन ब्लू घातलेलं असलंच पाहिजे. बॅक्टेरियासाठी केलेली साधी म्युलर-हिंटन प्लेट घेतली तर वाढ विरळ येते आणि वर्तुळाच्या कडा धूसर होतात. त्यावरून मोजलेल्या मिलिमीटरला अर्थ नाही. अॅम्फोटेरिसिन डिस्कने ठरवू नका.

वाचताना हमखास होणाऱ्या चुका :

अॅझोल आणि अॅम्फोटेरिसिन एकाच नजरेने वाचणं. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोलमध्ये औषध नसलेल्या विहिरीच्या तुलनेत वाढ निम्म्याने घटली की ती एमआयसी, म्हणजे बुरशीला रोखणारी औषधाची किमान मात्रा. अॅम्फोटेरिसिनमध्ये विहीर पूर्ण स्वच्छ दिसली पाहिजे.

रेंगाळणारी वाढ. ट्रॉपिकॅलिसमध्ये फ्लुकोनॅझोलच्या प्रत्येक विहिरीत हलकी, धुरकट वाढ शेवटपर्यंत दिसते. ४८ तासांनी वाचलं तर ती आणखी गडद होते आणि सेन्सिटिव्ह पेशंटला 'रेझिस्टंट' शिक्का बसतो. २४ तासांनी वाचा, ५० टक्क्यांचा नियम लावा. डिस्कवरही कडेच्या बारीक कॉलन्या सोडून द्या.

सगळ्या जातींना एकच मोजपट्टी. सीएलएसआय (अमेरिकेतली प्रमाण ठरवणारी संस्था) हिच्या तक्त्यात, एमआयसी मिलीला मायक्रोग्रॅममध्ये धरून, अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस आणि पॅराप्सिलोसिससाठी फ्लुकोनॅझोल २ किंवा कमी म्हणजे सेन्सिटिव्ह, ४ म्हणजे डोसवर अवलंबून, ८ किंवा जास्त म्हणजे रेझिस्टंट. ग्लाब्राटासाठी ३२ पर्यंत डोसवर अवलंबून, ६४ पासून रेझिस्टंट. सीएलएसआयने चाचणी लावली असेल तर युकास्ट या युरोपीय संस्थेच्या तक्त्यावरून वाचू नका. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या आहेत.

कॅस्पोफंजिनचा आकडा. तो लॅबगणिक बदलतो. शक्य असेल तिथे मायकाफंजिन किंवा अॅनिडुलाफंजिनवर चाचणी करून त्या गटाबद्दल मत द्या.

ऑरिसमध्ये अॅम्फोटेरिसिन. स्वयंचलित यंत्र हा आकडा कधी कधी खोटाच चढा दाखवतं. 'रेझिस्टंट' लिहिण्याआधी दुसऱ्या पद्धतीने पडताळा. ऑरिससाठी वापरात असलेल्या मर्यादा तात्पुरत्या आहेत : फ्लुकोनॅझोल ३२ किंवा जास्त आणि अॅम्फोटेरिसिन २ किंवा जास्त म्हणजे रेझिस्टंट समजायचं. त्या तात्पुरत्या आहेत हे रिपोर्टातही लिहा.

तपासून पाहा : क्रुसायच्या रिपोर्टात फ्लुकोनॅझोलची ओळ चुकून 'सेन्सिटिव्ह' म्हणून छापली गेली नाही ना? सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ कायमची 'निसर्गतः रेझिस्टंट' करून ठेवा.

## टप्पा ६ : तंतूंची बुरशी असेल तर वाट वेगळी

अॅस्परजिलस आणि म्युकर ब्लड कल्चरमध्ये जवळपास मिळतच नाहीत. तिथे फुप्फुस धुतलेलं पाणी किंवा ऊतीचा तुकडा लागतो. तुकड्याचे दोन भाग करा : एक सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला, दुसरा फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला. २०२१ च्या म्युकरच्या लाटेत सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकून पाठवल्याचे प्रकार घडले. असा तुकडा कल्चरसाठी मेलेला असतो.

म्युकरचा संशय असेल तर तुकडा खलबत्त्यात वाटू नका. त्याचे तंतू पोकळ, फितीसारखे असतात, वाटले की मरतात आणि कल्चर निगेटिव्ह येतं. ब्लेडने बारीक काप करून थेट प्लेटवर दाबून बसवा. प्लेटमध्ये सायक्लोहेक्झिमाइड नसावं. त्वचेच्या बुरशीसाठी आणलेल्या प्लेटमध्ये ते असतं आणि ते अॅस्परजिलस, म्युकर, क्रिप्टोकॉकस यांनाच दाबतं.

केओएच स्लाइडचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ऊती विरघळवून तंतू पाहण्याच्या स्लाइडचं) उत्तर त्याच दिवशी द्या. रुंद, पडदे जवळपास नसलेले, काटकोनात फुटलेले तंतू म्युकरचे. सडपातळ, पडदे असलेले, ४५ अंशांत फुटलेले तंतू अॅस्परजिलसचे असू शकतात, पण फ्युजेरियमही असाच दिसतो, म्हणून 'पडदे असलेले तंतू' एवढंच लिहा. सर्जनला त्या दिवशी तेवढंच हवं असतं.

बुरशीच्या पेशीभिंतीतले घटक शोधणाऱ्या रक्ताच्या चाचण्यांच्या मर्यादा माहीत असू द्या. बीटा-डी-ग्लुकान म्युकर पकडत नाही. डायलिसिस, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, जखमेतलं गॉझ यांनी ते खोटं पॉझिटिव्ह येतं. गॅलॅक्टोमॅननही म्युकर दाखवत नाही, आणि पेशंट आधीच व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोलवर असेल तर अॅस्परजिलस असूनही निगेटिव्ह येऊ शकतं.

अॅस्परजिलस फ्युमिगेटस उगवला तर अॅझोल घातलेल्या चार खणांच्या प्लेटवर चाळणी करा. एकच कॉलनी घेऊ नका, पाचपर्यंत घ्या, कारण एकाच फुप्फुसात सेन्सिटिव्ह आणि रेझिस्टंट दोन्ही असू शकतात. अॅझोलच्या खणात वाढ दिसली की एमआयसीसाठी पुढे पाठवा. अॅस्परजिलस टेरियस निघाला तर चाचणीची वाट न पाहता कळवा : अॅम्फोटेरिसिन त्याच्यावर भरवशाचं नाही.

## टप्पा ७ : 'रेझिस्टंट' म्हणण्याआधी पेशंटकडे परत जा

रिपोर्ट 'सेन्सिटिव्ह' आणि ताप तसाच, असं पुष्कळदा होतं. तेव्हा लॅबला दोष देण्याआधी हे बघा. लाइन अजून आत आहे का? हृदयाच्या झडपेवर किंवा यकृतात गाठ बसली आहे का? डोळ्यांचा पडदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासला का? आणि औषध रक्तात पोहोचतंय का?

आपल्याकडे या शेवटच्या प्रश्नाला फार वजन आहे. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर व्होरिकोनॅझोलची पातळी इतकी पडते की ते न दिल्यासारखंच. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नसतात. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आम्लपित्ताच्या गोळ्यांबरोबर नीट शोषल्या जात नाहीत. व्होरिकोनॅझोल सुरू होऊन चार-पाच दिवस झाले की पुढच्या डोसआधीचं रक्त काढून पातळी मोजा. ती मिलीला १ ते ५.५ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असावी.

## टप्पा ८ : पुन्हा कल्चर, आणि कल्चर जपणं

कॅन्डिडा रक्तात सापडल्यावर रोज किंवा एक दिवसाआड कल्चर काढत राहा, निगेटिव्ह येईपर्यंत. उपचाराचे चौदा दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजतात. तो दिवस चुकला तर हिशेबच चुकतो. औषधावर असताना पुन्हा पॉझिटिव्ह आलं तर जुना सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट चालवून घेऊ नका. ग्लाब्राटा उपचार चालू असतानाच मायकाफंजिनच्या गटाला दाद देईनासा होतो. नव्या कल्चरवर नवी चाचणी लावा आणि पहिलं कल्चर तुलनेसाठी फ्रीझरमध्ये ठेवा.

ऑरिस निघाला तर त्याच दिवशी पेशंट वेगळ्या खोलीत, आणि शेजारच्या खाटांवरच्यांचे काख आणि जांघेतले स्वॉब. जमीन, खाटेचे कठडे, मॉनिटरच्या वायरी क्लोरीनच्या द्रावणाने पुसायच्या. नेहमीचं क्वाटर्नरी अमोनियमचं फिनेलवजा द्रावण त्याच्यावर पुरत नाही, हे सफाईच्या मावशींना आणि मामांना बाटली दाखवून सांगा. पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलला जात असेल तर डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या ओळीत 'कॅन्डिडा ऑरिस पॉझिटिव्ह' असं मोठ्या अक्षरात लिहा, सेन्सिटिव्हिटीची प्रत टाचणीने जोडा, आणि ॲम्ब्युलन्स निघण्याआधी तिकडच्या आयसीयूला फोन करा.